टिकलीचा पत्ता

काशिनाथ,

तुझा फ्लेक्स शिरवण्याच्या वेशीवर, चहाच्या टपरीच्या वर लागला आहे. फोटो दिनेशच्या लग्नातला आहे. फेटा कापून काढलाय, त्यामुळे तुझं कपाळ अर्धंच आलंय. खाली 'शोकाकुल' म्हणून तीस-पस्तीस नावं आहेत. त्यात तुझे जावई आहेत, गावचं क्रिकेट मंडळ आहे, ज्याच्याशी तू बांधावरून जन्मभर भांडलास तो चुलतभाऊ आहे. आणि अगदी शेवटी, गावाबाहेरचा एकटाच, मी आहे. नाव नाही, नुसतं 'मास्तर'.

तुझ्या दिनेशनं माझ्याकडे फ्लेक्ससाठी चार ओळी मागितल्या होत्या. "तुमीच लिव्हा मास्तर, तुमी पप्पांचे खास." मी दोन दिवस घेतले आणि जमत नाही म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, दुःखानं सुचत नसेल. दुःख आहेच, त्यात खोट नाही. पण चार ओळी जमल्या नाहीत त्या वेगळ्याच कारणानं. टिकलीला ऐरोलीला मी पाठवलं, काशिनाथ. ती हरवली नव्हती. दहा रविवार आपण दोघं तुझ्या स्कूटरवरून तिला शोधत फिरलो, आणि ती कुठे सोडलीय हे मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. हे तुला तोंडावर सांगायचं होतं. तू गुरुवारी गेलास. आता कागदावर सांगतोय, म्हणजे पुन्हा सोयीचीच जागा शोधली म्हण.

आपली ओळखच कुत्र्यावरून झाली. मी शाळेतून निवृत्त होऊन आमच्या सोसायटीत नवा नवा चेअरमन झालो होतो. गेटच्या डाव्या बाजूला, बरोबर भिंत आणि नाल्याच्या मध्ये, एक पांढरी कुत्री पसरलेली असायची, कपाळावर काळा ठिपका, म्हणून नाव टिकली. वॉचमननं हाकललं की उठायची, एक चक्कर मारायची आणि त्याच जागेवर येऊन पडायची. मी काठी घेऊन गेलो, तर मागून आवाज आला, "ए मास्तर, तिला कला उठवतस? तू तिच्या जागेवर राह्यला आलास, ती तुझ्या जागेवर नाय." मी वळून बघितलं. लुंगी, बनियन, हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा. पहिल्या भेटीत मला अरे-तुरे. पस्तीस वर्षं मी वर्गात गेलो की पोरं उभी राहायची, आणि हा माणूस मला कुत्रीच्या बाजूनं 'तू' म्हणत होता. तुमचं 'कला' म्हणजे 'कशाला', आणि तुमच्याकडे देवालाही 'तू'च म्हणतात, हे कळायला मला वर्ष लागलं.

मग तू मला भिंतीशी उभं करून दाखवलंस. आमच्या बी विंगच्या खाली तुझ्या बापाचं खळं होतं. पार्किंगच्या जागी भाताची खाचरं, मागे मिठागर, पलीकडे खाडी. खळ्यावर रात्री राखणीला तुझा बाप आणि त्याची कुत्री चांदी. चांदीची मैना, मैनेची गंगू, गंगूची कवडी, असं करत करत तू टिकलीपर्यंत आलास. एका दमात सात आया सांगितल्यास, कुठे अडखळला नाहीस. मी विचारलं, बाप? म्हणालास, "बापाचा कनाला म्हाईत? मानसांचं तरी कुठं म्हाईत असतं!" आणि एवढा मोठ्यानं हसलास की टिकलीनं एक डोळा उघडून बघितलं.

मी इतिहासाचा मास्तर. माझा इतिहास सनावळीतून सुरू होऊन तहात संपायचा. तुझ्याकडे सन नव्हतेच. "चांदी व्हती तवा भरती बांधावरून आत आली," "कवडी व्याली त्या साली बुलडोझर आला," अशी तुझी मोजणी. नवीन शहर आलं, गावाची जमीन गेली, माणसांना मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, त्यावर इमारती चढल्या, तूही तीन मजले चढवून भाडेकरू भरलेस. पण दर वेळी ही गोष्ट सांगताना तू शेवटी तेच विचारायचास, "मास्तर, आमाला साडेबारा टक्के भेटलं. चांदीच्या पोरींना काय भेटलं? त्या तर जमीन सोडून कुटं गेल्याबी नाय." पहिल्यांदा मी हसलो. नंतर नंतर हसता येईना. तुमची गावठाणं आक्रसली, वर माणसांचे मजले चढले, आणि खळ्यावरची राखणदार कुत्री जिथे होती तिथेच राहून एका रात्रीत भटकी झाली. 'भटकी' हा शब्द आमच्या सोसायटीच्या नोटिशीत मीच लिहायचो. भटकत तर मी आलो होतो, साताऱ्याहून. माझा बाप धान्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहायचा, आणि त्याच्या हमालीतून मी शिकून इथे टू-बीएचकेचा मालक झालो.

तुझ्याशी वाद घालायला मी पुस्तकं वाचायला लागलो, हे तुला कधी कबूल केलं नाही. वाचून यायचो आणि भिंतीवर बसून तुला शिकवायचो. म्हटलं, कुत्रा हा मुळात लांडगा. माणूस शेती करायला लागण्याच्या कितीतरी हजार वर्षं आधी त्याच्याजवळ आला. गाय नंतर, शेळी नंतर, घोडा तर फारच नंतर. माणसानं सगळ्यांत आधी पाळलं ते कुत्र्याला. तू टिकलीच्या कानातली गोचीड काढत ऐकत होतास. म्हणालास, "पाललं बोलू नको. कुत्रा सोताच आला. मानसानं त्या दिवशी फक्त दगड मारला नाय, येवरंच."

मी म्हटलं, तसा पुरावा नाही. तू म्हणालास, पुरावा ही काय समोर बसलीय. मग मी काश्मीरकडच्या एका फार जुन्या वस्तीत माणसाच्या शेजारी कुत्रा पुरलेला सापडलाय ते सांगितलं. तू टिकलीचा कान सोडलास. "म्हंजे तवाच्या मानसांना लाज व्हती," म्हणालास. हा वाद आपला कधीच मिटला नाही. मी म्हणायचो, माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून लांडग्याचा कुत्रा केला. तू म्हणायचास, कुत्र्यानं रात्रभर जागून माणसाला झोपायला शिकवलं, नि झोप मिळाली म्हणून माणसाला अक्कल आली. तुझ्या म्हणण्यात दम होता. तेव्हा मान्य केलं नाही. मास्तर माणसाला हार मानायची सवय नसते.

एक गोष्ट मात्र मी तुला सोडून कुणालाच सांगितली नव्हती. माझा आजोबा खंडोबाचा वाघ्या होता. नवसानं देवाला सोडलेला. चंपाषष्ठीला गावात कोटंब्यात, म्हणजे त्या लाकडी भांड्यात, भरीत-रोडगा वाढायचे आणि वाघ्ये हात न लावता, कुत्र्यासारखे भुंकत, एकमेकांवर गुरगुरत खायचे. मी सहा-सात वर्षांचा असताना ते बघितलं आणि मला इतकी लाज वाटली की मी पुढे शाळेच्या कुठल्याही कागदावर, लग्नाच्या बोलणीत, सोसायटीत, आजोबा 'शेती करायचे' असंच सांगितलं. तुला सांगितलं तेव्हा वाटलं, तू हसशील. तू हात जोडलेस. "देवाचा कुत्रा! मास्तर, आमी नुसती पाल्तो, तुझा आजा तर झाला." त्या दिवशी घरी जाऊन मी आजोबांचा फोटो ट्रंकेतून काढला. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि हेही तुला कधी बोललो नाही.

आता गेल्या पावसाळ्यानंतरचं.

टिकलीची दोन वेतं फुकट गेली होती. पहिल्या वेळची पिल्लं टेम्पोखाली, दुसऱ्या वेळची आजारानं. चांदीच्या वेलीवरची ती शेवटची मादी. कुत्र्यांची नसबंदी करायला तुझा विरोध नव्हता. गावातली बाकीची कुत्री तूच धरून पालिकेच्या गाडीवाल्यांच्या हवाली करायचास, पण टिकलीसाठी मला विनंती केलीस. "एक डाव येऊ दे. एक पोरगी ठेवतो, मंग तूच बोलव गाडी." मी म्हटलं, शब्द देतो. शब्द कसा दिला तेही आठवतं, तिच्या डोक्यावर हात ठेवून, थट्टेत.

त्याच महिन्यात सहाव्या मजल्यावर नवीन कुटुंब आलं, त्यांचा हस्की घेऊन. बर्फातला कुत्रा, नेरूळच्या उकाड्यात. त्याच्यासाठी चोवीस तास एसी. त्याला फिरवायला माणूस ठेवलेला, आणि तो माणूस गेटवरून गेला की टिकली उठून भुंकायची. भुंकणारच, तिच्या खळ्यावर परका आला होता. चावली कधीच नाही. पण व्हॉट्सअपच्या ग्रुपवर रोज तिचा फोटो, 'चेअरमन साहेब, कधी ॲक्शन घेणार?' कमिटीच्या मीटिंगला त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "एक तर ती कुत्री राहील नाहीतर आम्ही." मला म्हणता आलं असतं की बाई, ती आधीची आहे. सगळा वंश मला पाठ होता. मी म्हणालो, "बघतो."

तू तुझ्या मुलीकडे उरणला गेला होतास, आठवडाभर. मी गाडी बोलावली. ती त्या जाळीवाल्यांना सापडेना, गाड्यांखाली जाऊन बसली. तर मीच पुढे झालो, हातात ग्लुकोजचं बिस्कीट घेतलं आणि तुझ्यासारखं ओठ काढून "यू, यू, यू" केलं. ती माझ्या आवाजावर बाहेर आली, काशिनाथ. जाळी पडली तेव्हा बिस्कीट तिच्या तोंडात होतं.

पावतीवर पत्ता लिहिताना मी लिहिलं, 'सेक्टर १, गेटजवळ'. ही चूक खरी होती. आपण सगळेच असंच लिहितो. वाशीला सेक्टर एक आहे, सानपाड्याला आहे, कोपरखैरण्याला आहे, पार कळंबोलीलाही आहे, पण प्रत्येकाला आपलाच सेक्टर एक जगात एकटा वाटतो. चौथ्या दिवशी, नसबंदी उरकल्यावर, फोन आला. "साहेब, कुत्री सोडायचीय, जिथून उचलली तिथंच सोडावं लागतं. सेक्टर एक म्हंजे कुठला?"

एका शब्दाचं उत्तर होतं. नेरूळ.

मी विचारलं, "तुम्ही आता कुठे चाललाय?"

"ऐरोलीला."

"मग तिथलाच."

तो "बरं साहेब" म्हणाला. मी फोन ठेवून जेवायला बसलो. तेव्हापासून मी कारण शोधतोय. शोधून शोधून एवढंच सापडतं की कटकट नको होती. ती परत आली असती तर पुन्हा हस्की, पुन्हा ग्रुप, पुन्हा मीटिंग. तुझ्या सात पिढ्यांचा निकाल मी आमटी गार होऊ नये म्हणून लावला.

तू उरणहून आलास. मी तुला सांगितलं, कमिटीनं गाडी बोलावली, माझं काही चाललं नाही, मी फक्त पावती भरली, पत्ता अर्धवट लिहिला गेला, कुठेतरी सोडलीय. तू शब्दाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. म्हणालास, "पोरांना पत्ता लिव्हायला शिकवलास नं मास्तर इतकी वर्सं?" आणि दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याकडे जाऊन भांडून आलास. विचारलं तर म्हणालास, "त्याला आठवत नाय बोल्तो." मी सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास तुला ऐकू गेला असणार.

मग रविवार सुरू झाले. सकाळी आठला तुझी स्कूटर आमच्या गेटवर. मी मागे, मांडीवर डबा, त्यात भाकरी आणि भाजलेला जवळा, तिच्या आवडीचा. सानपाडा, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, बेलापूर. प्रत्येक सेक्टर एकच्या प्रत्येक गल्लीत स्कूटर पहिल्या गिअरमध्ये, आणि तू दोन्ही बाजूंना "टिकलेऽ, यू यू." मला म्हणायचास, "मास्तर, तू बी हाक मार, तुझा आवाज वलखते ती." आणि मी मारायचो. भर रस्त्यात, नसलेल्या कुत्रीला, घसा ताणून. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात ट्रक उभे होते, त्यांच्या सावलीत कुत्र्यांची टोळी पडली होती. एक सरदारजी ड्रायव्हर म्हणाला, "ऐसी सफेद वाली कल ही एक ट्रक के साथ पूना साईड गयी." तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, चल की, एक्स्प्रेस वेनं जाऊन बघू. इतका मी त्या खोट्यात मुरलो होतो. तू म्हणालास, "नको. ती टरकमदी बसनारी नाय," आणि आपण तिथेच उसाचा रस प्यायलो.

खरं सांगू? ते रविवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. बायको गेल्यापासून मी कुणाबरोबर असा फिरलो नव्हतो. तू मला हे शहर खालून दाखवलंस. इथे कोळंबीचं तळं होतं, इथे अमक्याच्या म्हशी बसायच्या, या पुलाखाली गंगूनं कोल्हा मारला. आणि सगळा वेळ मला एकच भीती, की तू ऐरोलीचं नाव काढशील. तू काढायचास आणि पुढे ढकलायचास. "ऐरोली लांब हाय, शेवटी बघू." मला वाटायचं, नशीब.

एकदा घणसोलीत भजी खाताना तू सहज विचारलंस, "मास्तर, कुत्रा खोटं बोल्तो काय रं?" मी व्याख्यान दिलं. जंगली प्राणी फसवतात, रंग बदलतात, मेल्याचं सोंग घेतात, कुत्राही चोरी करून कोपऱ्यात तोंड लपवतो, असं बरंच. तू शांतपणे ऐकलंस आणि उरलेली भजी माझ्याकडे सरकवलीस. आणखी एकदा म्हणालास, "तुझा आजा देवाचा कुत्रा व्हता. नि तू रं?" मी थट्टा समजून म्हटलं, मी सोसायटीचा. तू हसला नाहीस. मला तेव्हा कळायला हवं होतं.

दहाव्या रविवारी सोडताना तू गेटवर स्कूटर बंद केलीस. एरवी चालूच ठेवायचास. म्हणालास, "आता ऐरोलीच राह्यली. फुडच्या रयवारी जाऊ." आणि माझ्याकडे बघत राहिलास, चांगला मिनिटभर. मी म्हटलं, "ठीक आहे." जिन्यात मी ठरवलं की शनिवारी सांगायचं. पोरं गृहपाठाचं ठरवायची तसं.

शनिवार तुझा तिसरा दिवस होता.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि लोक मागे सरायच्या आत कावळा येऊन शिवला. सगळे म्हणाले, "काय इच्छा राह्यली नव्हती, तृप्त गेला." मला त्या कावळ्याचा राग आला. थोडा तरी अडून बसला असता, तर कुणीतरी विचारलं असतं, कुणाला काही बोलायचंय का. कदाचित मी बोललो असतो. कदाचित. तू मला तेवढीही संधी ठेवली नाहीस.

मग जेवणं झाल्यावर वहिनींनी मला मागच्या पडवीत बोलावलं. पार्वतीवहिनी तुझ्या हयातीत माझ्याशी चहा-पाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या. हातात तोच स्टीलचा डबा होता. म्हणाल्या, "मास्तर, यो डबा बुधवारचा. आता तुमी न्याल का? मना बस समजत नाय."

मला कळेना. म्हटलं, कुठे न्यायचा?

"ऐरोलीला. टिकलीला."

काशिनाथ, मी खाली बसलो.  वहिनी सांगत होत्या. "त्यांना पयल्याच हप्त्यात म्हाईत झालं. गाडीवाल्यानं सांगितलं, सायबांनीच ऐरोली बोल्ली. बसनं गेले, दोन दिसांत शोधून काढली. शालेच्या भिंतीशी व्हती, एक मावशी चाय विकते तिनं ठेवली. तवापासून दर बुधवारी जवला-भाकरी घेऊन जात."

मी विचारलं, "मग आणली का नाही?"

"मी पन तेच बोल्ले. तर बोल्ले, आनली तर मास्तर परत फोन करल. त्याला दोनदा खोटं बोलायला कला लावू?"

आणि रविवार? रविवारी मला घेऊन का फिरत होता? हे मी विचारलं नाही, पण वहिनी डबा पदरानं पुसत म्हणाल्या, "मी बोल्ले, सरल सांगा नं त्याला. तर बोल्ले, त्याचा त्यानं बोलूं दे. टायम देतो."

मी तुझ्यावर फार चिडलोय. लोक म्हणतील, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरणार. तुला सगळं माहीत होतं आणि तू मला कळंबोलीत ट्रकखाली वाकून "यू यू" करायला लावलंस? दहा वेळा? माझा घसा बसला तर तू मला खडीसाखर दिलीस! तू मला एक शिवी द्यायची होतीस. तुमच्याकडे शिव्यांची काय कमी. गेटवर चार लोकांत कॉलर धरायची होतीस, मी ती झेलली असती आणि आपण मोकळे झालो असतो. तू थांबलास. तुझं ते थांबणं मला प्रेम वाटू दे म्हणतोस? एखाद्या दिवशी वाटतं. एखाद्या दिवशी वाटतं, हा तू दिलेला मार आहे, बिनआवाजाचा. आणि मधेच निघून गेलास, मार अर्धवट टाकून.

दहाव्यानंतरच्या बुधवारी मी ऐरोलीला गेलो. डबा घेतला आणि ठरवून गेलो की तिला घरी आणायचं. बसमधून उतरताच आधी रिक्षा ठरवली. रिक्षावाला म्हणाला, "कुत्ता बैठेगा तो सीट आप पोछेंगे." म्हटलं, पोछूंगा. शाळेच्या भिंतीशी चहावाल्या मावशी दिसल्या. म्हणाल्या, "लुंगीवाले काका नाही आले ते? मागच्या बुधवारी पण नाही." मी सांगितलं. त्यांनी स्टोव्ह बारीक केला आणि पदर तोंडाला लावला. तुझं नावही त्यांना माहीत नव्हतं.

टिकली भिंतीच्या पलीकडच्या अंगाला होती. डाव्या कानाला नसबंदीची खाच. अंगानं भरलीय. मी लांबूनच उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडेना, कारण माझी शेवटची खरी हाक तिला जाळीत घेऊन गेली होती. शेवटी हळूच म्हटलं, "यू यू."

ती आली. धावत नाही, पण शेपटी हलवत, कमरेपासून वाकडी होत, सरळ माझ्या पायाशी. हात चाटला. त्या हातालाही तिनं काही विचारलं नाही. मी डबा उघडला आणि ती खात असताना फुटपाथवर बसून तिला सगळं सांगितलं. फोन, आमटी, ऐरोली, तू. मोठ्यानं सांगितलं, शाळेतली पोरं थांबून बघत होती. जवळा-भाकरी संपेपर्यंत तिनं ऐकून घेतलं, मग जांभई दिली आणि सावलीत जाऊन पडली. ज्या वाक्यासाठी तू दहा रविवार थांबलास ते मला पाच मिनिटांत आलं, कारण ऐकणाऱ्याला ते कळत नव्हतं.

मग मी तिला उचलायला उठलो. रिक्षावाला हॉर्न देत होता. तेवढ्यात खिशात फोन वाजला. सोसायटीचा ग्रुप. सहाव्या मजल्यावरच्या बाई: गेटवर पुन्हा एक काळं कुत्रं बसायला लागलंय, चेअरमन साहेब, प्लीज. खाली चार जणांचे अंगठे. मी बाईंना लिहिलं, 'बघतो.' पाठवून झाल्यावर वाचलं. बोटांनी आपणहूनच लिहिलं होतं.

मी रिक्षा परत पाठवली. ती तिथे सुखात आहे, मावशी आहेत, सावली आहे, ही सगळी कारणं मी परतीच्या बसमध्ये जमवली आणि सगळी खरी आहेत. पण तू जे कारण वहिनींना सांगितलंस ते त्या सगळ्यांच्या आधीचं आहे.

डबा आता माझ्याकडे असतो. दर बुधवारी सकाळी वहिनी भरून देतात, मी नेतो. टिकलीला मी परत आणणार नाही, काशिनाथ. मास्तर अजून त्याच सोसायटीत राहतो.